जिंकेल त्याला सारे

डोनाल्ड ट्रम्प यांना २०२० साली सर्वांत जास्त मते मिळाली ती कॅलिफोर्नियात, साठ लाखांहून थोडी अधिक. टेक्सास आणि फ्लोरिडा ही दोन मोठी राज्ये त्यांनी जिंकली, पण तिथेही त्यांना एवढी मते पडली नव्हती. तरीही कॅलिफोर्नियाच्या ५५ इलेक्टोरल मतांपैकी एकही त्यांच्या खात्यात जमा झाले नाही. त्याच दिवशी टेक्सासात जो बायडेन यांना बावन्न लाखांहून अधिक मते पडली आणि तिथली सर्व ३८ इलेक्टोरल मते ट्रम्प यांना गेली. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लोकांच्या मतांपासून इतकी दूर का जाते, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की १७८७ साली संविधान लिहिणाऱ्यांनी लहान राज्यांना झुकते माप दिले आणि त्याची फळे देश अजून भोगतो आहे. हे उत्तर अपुरे आहे. लहान राज्यांचे झुकते माप खरे आहे, पण ते या यंत्रणेतले दुय्यम कारण आहे. मुख्य कारण म्हणजे राज्यात एका मतानेही पुढे असलेल्या उमेदवाराला त्या राज्याची झाडून सगळी इलेक्टोरल मते देण्याचा नियम. हा नियम अमेरिकेच्या संविधानात कुठेही नाही. तो राज्यांनी आपापल्या कायद्यांनी केला आणि केला तो पक्षीय फायद्यासाठी.

आधी यंत्रणा नीट समजून घेऊ. प्रत्येक राज्याला जितके प्रतिनिधीगृहाचे सदस्य आणि सिनेटर, तितके इलेक्टर मिळतात. प्रतिनिधीगृहात ४३५ जागा लोकसंख्येनुसार वाटलेल्या असतात, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याच्या दोन म्हणजे एकूण १००. राजधानी वॉशिंग्टन हे राज्य नाही, पण १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने तिलाही तीन इलेक्टर मिळाले. एकूण ५३८, आणि बहुमत २७० चे. नोव्हेंबरात मतदार मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे नाव पाहतो आणि त्यापुढे खूण करतो, पण कायद्याने तो मत देतो त्या उमेदवाराच्या पक्षाने आधीच ठरवलेल्या इलेक्टरांच्या यादीला. हे इलेक्टर सहसा पक्षाचे जुने, विश्वासू लोक असतात. २०२० साली न्यूयॉर्कच्या यादीत बिल आणि हिलरी क्लिंटन होते. डिसेंबरात सगळे इलेक्टर एकत्र जमत नाहीत. ते आपापल्या राज्याच्या राजधानीत भेटतात आणि राष्ट्राध्यक्षासाठी एक व उपराष्ट्राध्यक्षासाठी एक अशा दोन वेगळ्या मतपत्रिका भरतात. त्यांच्या सह्यांची प्रमाणपत्रे वॉशिंग्टनला जातात. ६ जानेवारीला महोगनी लाकडाच्या पेट्यांतून ती प्रतिनिधीगृहाच्या सभागृहात आणली जातात आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत राज्यवार वाचली जातात. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष असतात. म्हणून ६ जानेवारी २०२५ रोजी स्वतःच्या पराभवाची मोजणी कमला हॅरिस यांनीच वाचून दाखवली. कोणालाच २७० मिळाली नाहीत, तर निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते, मग ते कॅलिफोर्निया असो वा वायोमिंग. असे दोनदाच घडले, १८०१ आणि १८२५ मध्ये. दुसऱ्या वेळी ९९ इलेक्टोरल मते मिळवणारे अँड्र्यू जॅक्सन घरी बसले आणि ८४ वाले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले.

फिलाडेल्फियाच्या संविधान सभेत थेट लोकमताची सूचना आली नव्हती असे नाही. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी ती मांडली होती. तिला अडथळे अनेक होते. एवढ्या पसरलेल्या देशात लोकांना दूरच्या उमेदवाराची माहिती कशी असणार, हा त्यातला एक. पण सर्वांत खोल अडथळा गुलामगिरीचा होता. थेट मतदानात दक्षिणेतल्या राज्यांना आपल्या गुलामांच्या संख्येचा काही उपयोग होणार नाही, हे जेम्स मॅडिसन यांनी सभेत स्पष्ट बोलून दाखवले. प्रतिनिधीगृहाच्या जागा वाटताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरायचे ठरले होते. इलेक्टरांची संख्या त्याच जागांना जोडली की ज्यांना मत द्यायचा अधिकारच नाही अशा माणसांच्या जोरावर त्यांच्या मालकांची ताकद वाढली. या पद्धतीचा जन्म निव्वळ तत्त्वविचारातून झाला असे सांगणाऱ्यांनी ही गोष्ट टाळू नये. मात्र इलेक्टर राज्यात कसे निवडायचे यावर संविधानाने एकच वाक्य लिहिले: राज्याचे विधिमंडळ ठरवेल त्या रीतीने. जिल्हावार निवडा, विधिमंडळात निवडा, राज्यभर एकत्र निवडा, सगळे चालेल. संविधानकर्त्यांपैकी बहुतेकांच्या मनात जिल्हावार निवड होती, असे मॅडिसन यांनीच पुढे १८२३ साली एका पत्रात लिहून ठेवले आहे.

मग आजचा नियम आला कुठून? व्हर्जिनियात १७९६ साली जिल्हावार निवड झाली आणि थॉमस जेफरसन यांच्या स्वतःच्या राज्यात २१ पैकी एक इलेक्टर जॉन अ‍ॅडम्स यांच्याकडे गेला. १८०० ची लढत अटीतटीची होणार हे दिसत होते, म्हणून जेफरसन यांच्या पक्षाने व्हर्जिनियाचा कायदा बदलला आणि सगळ्या राज्याची एकच यादी केली. या वेळी २१ च्या २१ जेफरसन यांना मिळाले. अ‍ॅडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सने तेच दुसऱ्या वाटेने साधले. तिथे निवड लोकांकडून काढून विधिमंडळाकडे दिली आणि सगळे १६ इलेक्टर अ‍ॅडम्स यांना गेले. न्यूयॉर्कमध्ये आपला पक्ष विधिमंडळाची निवडणूक हरल्याचे पाहून अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिले आणि जुने विधिमंडळ बोलावून नियम बदलून घ्या असे सुचवले. जे यांनी ते केले नाही. या साऱ्यात संघराज्याचे तत्त्व, लहान राज्यांचे रक्षण, असला विचार कुठे आढळत नाही. शेजारचे राज्य आपली सगळी मते एका बाजूला टाकत असताना आपण मात्र ती वाटून दिली, तर आपल्या पक्षाचे नुकसान. हा एकच हिशेब एकेका राज्याला या नियमाकडे ओढत गेला. १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सर्वत्र तो रूढ झाला. आज मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये त्याबाहेर आहेत. मेनने १९७२ पासून आणि नेब्रास्काने १९९२ पासून आपल्या मतांची जिल्हावार वाटणी चालवली आहे.

आता लहान राज्यांच्या झुकत्या मापाकडे येऊ. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या होती ५ लाख ७७ हजारांच्या आसपास आणि इलेक्टर तीन, म्हणजे एकामागे १ लाख ९२ हजार माणसे. कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख माणसे आणि या जनगणनेनंतर ५५ वरून उतरलेले इलेक्टर ५४, म्हणजे एकामागे ७ लाख ३० हजारांहून अधिक. कागदावर वायोमिंगच्या रहिवाशाचे वजन पावणेचार पटींहून जास्त भरते. हा अन्याय आहेच. पण निकाल उलटण्याचे मूळ त्यात आहे का, हे तपासायला सोपा मार्ग आहे: प्रत्येक राज्याची सिनेटपोटी मिळालेली दोन-दोन मते वजा करून पाहावे. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख ७० हजार मते जास्त पडली आणि त्या हरल्या. नोव्हेंबरच्या निकालाप्रमाणे ट्रम्प यांचे ३०६ इलेक्टर, क्लिंटन यांचे २३२. ट्रम्प यांनी तीस राज्ये जिंकली होती. साठ मते काढली तरी २४६ उरतात. क्लिंटन यांची वीस राज्ये आणि राजधानी मिळून ४२ काढली तर १९० उरतात. म्हणजे झुकते माप पूर्ण काढूनही ट्रम्पच जिंकतात, आणि तेही आरामात. त्यांना विजय दिला तो मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांनी. तिथे तिन्हींची आघाडी मिळून ७८ हजारांच्या आतच होती, पण तिच्या बदल्यात ४६ मते एकगठ्ठा मिळाली. हाच प्रयोग २००० सालावर केला तर उत्तर वेगळे येते आणि ते लपवायचे कारण नाही: दोन-दोन मते वजा केली तर अल गोर २२५ आणि जॉर्ज बुश २११, म्हणजे गोर जिंकतात. झुकत्या मापाचा परिणाम त्या वर्षी झाला. पण तो होऊ शकला तोही फ्लोरिडाची २५ मते ५३७ च्या आघाडीवर एका बाजूला पडली म्हणून.

त्या ५३७ चे चित्र जवळून पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडात सुमारे साठ लाख मते पडली होती. अनेक काउंट्यांत मतदाराने टोकदार सळईने कार्डाला भोक पाडायचे असे. कागदाचा चौकोनी कपटा पूर्ण निघाला नाही, तर यंत्राला ते मत दिसत नसे. मग निवडणूक अधिकारी एकेक कार्ड दिव्यासमोर धरून पाहू लागले: कपटा एका कोपऱ्याला लोंबतो आहे की दोन कोपऱ्यांना, की नुसता खळगा पडला आहे. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली आणि बुश यांना २७१ मते मिळाली. देशभरात गोर पाच लाख चाळीस हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. फ्लोरिडाचे साठ लाख मतदार जवळजवळ बरोबर अर्ध्यात विभागले होते ही वस्तुस्थिती होती. एका बाजूला पंचवीस आणि दुसऱ्या बाजूला शून्य हे तिचे भाषांतर खोटे होते. त्याच निकालपत्रात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नमूद केली, जी सामान्य अमेरिकी नागरिकाला सहसा ठाऊक नसते: राज्याचे विधिमंडळ तशी पद्धत ठरवत नाही तोवर राष्ट्राध्यक्षाच्या इलेक्टरांसाठी मत देण्याचा नागरिकाला संविधानाने दिलेला हक्क नाही.

हे सारे हरलेल्या पक्षाचे रडगाणे आहे, असा आक्षेप घेतला जातो. शिवाय नियम वेगळा असता तर प्रचारही वेगळा झाला असता, म्हणून देशभरातल्या मतांची बेरीज दाखवून अमुक जिंकायला हवा होता असे म्हणता येत नाही, असाही युक्तिवाद होतो. दुसरा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. गोर किंवा क्लिंटन राष्ट्राध्यक्ष व्हायलाच हवे होते असा माझा दावा नाही. पण पहिला मुद्दा आकडेवारीपुढे टिकत नाही. २००४ साली बुश देशभरात तीस लाखांनी पुढे होते. ओहायोतली त्यांची सुमारे १ लाख १८ हजारांची आघाडी पुसली गेली असती, तर जॉन केरी कमी मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले असते. २०२४ साली ट्रम्प देशभरात सुमारे २३ लाखांनी पुढे होते. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून सव्वा लाखाहून कमी मतदारांनी ट्रम्प यांना सोडून हॅरिस यांना मत दिले असते, तर हॅरिस नेमक्या २७० वर पोहोचल्या असत्या. आणि २०२० साली सत्तर लाखांनी पुढे असलेले बायडेन जॉर्जिया, अ‍ॅरिझोना व विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून फक्त ४३ हजारांनी पुढे होते. ती तीन राज्ये गेली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी होऊन निवड प्रतिनिधीगृहात गेली असती. हा नियम कोणत्याही एका पक्षाचा मित्र नाही. जी राज्ये योगायोगाने अटीतटीची आहेत, त्यांचाच तो मित्र आहे.

दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप संघराज्याचा. अमेरिका हे राज्यांचे संघराज्य आहे, थेट लोकमत आणले तर उमेदवार न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या बाहेर पडणार नाहीत आणि लहान राज्यांना कोणी विचारणार नाही, असे सांगितले जाते. पण आज त्यांना कोण विचारते? वायोमिंग, व्हरमाँट, दोन्ही डकोटा, डेलावेअर, ऱ्होड आयलंड. यांचे निकाल आधीच ठरलेले असतात, म्हणून प्रचाराचे विमान तिथे उतरत नाही. २०२४ साली सारी झुंज सात राज्यांत झाली: पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, मिशिगन, अ‍ॅरिझोना, विस्कॉन्सिन आणि नेवाडा. यांत नेवाडा सोडले तर एकही राज्य लहान नाही. न्यूजर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी अमेरिकी नागरिकांनी मतदानाच्या दिवशी काहीही केले तरी त्या राज्यांचा कौल हलत नाही. डेट्रॉइट किंवा अटलांटा परिसरातल्या त्यांच्या आप्तांच्या दारात मात्र दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते खेटे घालतात. राज्य मोठे की लहान याचा याच्याशी संबंधच नाही. खुद्द एका लहान राज्याला हे कळले होते. १९६६ साली डेलावेअरने एकगठ्ठा मतांच्या या नियमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या नियमाने मोठ्या राज्यांचे महत्त्व फुगते आणि आम्ही पुसले जातो, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयाने ती ऐकायला घेतली नाही. लहान राज्यांचे रक्षण सिनेट करते, आणि तिला कोणी हात लावा म्हणत नाही.

भारतीय वाचकाच्या मनात इथे एक शंका येईल. आपल्याकडेही मतांचे प्रमाण आणि जागांचे प्रमाण जुळत नाही. २०१४ साली भाजपला ३१ टक्के मतांवर लोकसभेत स्वतःचे बहुमत मिळाले होते. मग अमेरिकेलाच दोष का? फरक मोठा आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याहून कमी अंतर होते; जागा आल्या ३० आणि १७, एक अपक्ष. विसंगती आहेच, पण महायुतीच्या मतदारांचे सतरा खासदार दिल्लीत जाऊन बसले. अमेरिकी नियम लावला तर ४८ च्या ४८ जागा एकाच आघाडीला जातील आणि दुसऱ्या बाजूची जवळजवळ निम्मी मते शून्य होतील. त्याहून वाईट म्हणजे हरलेल्या मतदारांच्या संख्येवर मिळालेले इलेक्टरही विजेत्याच्या पारड्यात पडतात. कॅलिफोर्नियाला इतके इलेक्टर आहेत ते तिथल्या रिपब्लिकन मतदारांचीही गणना होते म्हणून, आणि ते सगळे मत देतात डेमोक्रॅटिक उमेदवाराला.

फेरमोजणीचा आक्षेपही ऐकण्याजोगा आहे: आज वाद झाला तर तो एका राज्यापुरता राहतो, थेट मतदानात साऱ्या देशाची मते पुन्हा मोजावी लागतील. भीती अगदीच निराधार नाही. पण राज्ये जितकी जास्त, तितकी एखाद्यात तरी अगदी निसटता निकाल लागण्याची शक्यता जास्त. २००० साली फ्लोरिडातले अंतर वादग्रस्त ठरण्याइतके लहान होते, देशातले नव्हते. २०२१ च्या जानेवारीत कॅपिटॉलवर जमाव चालून गेला तोही काही मोजक्या राज्यांची प्रमाणपत्रे फेटाळून निकाल फिरवता येईल या आशेवर. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने आक्षेपासाठी दोन्ही सभागृहांच्या एक पंचमांश सदस्यांची अट घातली. दार अरुंद झाले, बंद झाले नाही.

मग बदल का होत नाही? घटनादुरुस्तीचा सर्वांत गंभीर प्रयत्न १९६८ नंतर झाला. त्या वर्षी जॉर्ज वॉलेस या वंशभेदवादी उमेदवाराला ४६ इलेक्टोरल मते मिळाली आणि कोणालाच बहुमत मिळणार नाही अशी धास्ती निर्माण झाली होती. १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहाने थेट मतदानाची दुरुस्ती तीनशेहून अधिक मतांनी मंजूर केली. सिनेटर बर्च बाय यांनी ती सिनेटमध्ये नेली, पण १९७० मध्ये लांबलचक भाषणांनी तिची कोंडी झाली. चर्चा थांबवण्याच्या बाजूने ५४ विरुद्ध ३६ मते पडली आणि त्या वेळच्या नियमाला लागणारे दोन तृतीयांश जमले नाहीत. राज्याने आपल्यापुरता नियम बदलावा, तर १८०० चाच पेच पुन्हा उभा राहतो. कॅलिफोर्नियाने एकट्याने मते वाटून दिली तर डेमोक्रॅटिक पक्षाचे हात बांधले जातील, टेक्सासने दिली तर रिपब्लिकनांचे. २००४ साली कोलोरॅडोच्या मतदारांनी तशी सूचना स्वतःच नाकारली. २०२४ साली उलट दिशेचा दबाव दिसला: नेब्रास्काने पुन्हा एकगठ्ठा पद्धतीकडे यावे म्हणून जोर लावला गेला आणि एका रिपब्लिकन राज्य सिनेटरच्या नकारावर तो अडला. जिल्हावार वाटणी सगळीकडे करावी म्हटले तर त्याचीही एक मेख आहे. २०१२ साली ती देशभर असती, तर सुमारे पन्नास लाख मतांनी मागे असलेले मिट रॉम्नी २७४ विरुद्ध २६४ असे जिंकले असते, कारण जिल्ह्यांच्या सीमा राज्यांतले सत्ताधारी आखतात. म्हणून मॅडिसन यांच्या मनातल्या पद्धतीकडे परत जाणे हा उपाय मला पटत नाही.

उरतो तो राज्यांच्या कराराचा मार्ग. राज्याचे विधिमंडळ ठरवेल ती रीत, या संविधानातल्या त्याच वाक्याचा आधार घेऊन काही राज्यांनी कायदा केला: देशभरात ज्याला सर्वाधिक मते त्याला आमचे सर्व इलेक्टर. करारातल्या राज्यांची बेरीज २७० झाली की तो लागू होईल, तोवर नाही. त्यामुळे एकट्याने पुढे जाऊन नुकसान सोसण्याचा प्रश्न उरत नाही. मेरीलँडने २००७ मध्ये सुरुवात केली. अशा कराराला काँग्रेसची, म्हणजे दोन्ही सभागृहांची, संमती लागेल का, हा वाद न्यायालयात जाणार हे नक्की. तरीही एकगठ्ठा नियम जसा राज्यांच्या कायद्याने आला तसाच राज्यांच्या कायद्याने जाऊ शकतो, हे ओळखणारा हा एकमेव गंभीर प्रयत्न आहे. एप्रिल २०२४ मध्ये मेन सामील झाले तेव्हा करारात १७ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन होती. त्यांची मते २०९. त्या सतरांपैकी एकाही राज्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ट्रम्प यांना कौल दिला नाही, आणि अटीतटीच्या सात राज्यांपैकी एकही या करारात नव्हते.